टाळ्या, लांब

साहेबांच्या भाषणाला टाळ्या कमी पडल्या आणि त्याचं खापर शेवटी रेकॉर्डिस्टच्या डोक्यावर फुटलं.

चूक खरं तर झेंडे वाटणाऱ्यांची होती. मैदान आधीच अर्धं रिकामं, त्यात जे आले त्यांना दोन-दोन झेंडे दिलेले. टाळ्या वाजवायला कुणाचा हात मोकळा राहिला नव्हता. पण हे बोलायची सोय नव्हती.

"सहाला देशभर जायचंय हे," केंद्रप्रमुख म्हणाले. "कानसेन, टाळ्या भरा."

रेडिओ केंद्रात सगळे त्याला कानसेन म्हणत. कुठल्या रिळावर कोण खोकलं ते तो डोळे मिटून सांगायचा. त्याने आधी कॅन्टीनवाल्यासकट नऊ जणांना स्टुडिओत उभं करून टाळ्या वाजवून घेतल्या. नऊ माणसांच्या टाळ्या नऊच माणसांच्या वाटल्या. संगणकात तयार टाळ्या होत्या, पण त्या बंद सभागृहातल्या. मैदानावरच्या भाषणाखाली लावल्या की भिंती ऐकू येतात. तळघरातली मैदानी रिळं बुरशीने खाल्ली होती. एकच काय ते धड निघालं. डब्यावर शाईने लिहिलं होतं, 'टाळ्या, लांब'.

त्याने ते मशीनवर चढवलं. बाराव्या सेकंदाला टाळ्यांच्या वरून एक शिट्टी गेली, दोन आखूड आणि एक लांब, आणि त्याने झटकन मशीन थांबवलं.

ही सेनापतींच्या सभेतली शिट्टी होती. सेनापतींची सत्ता जाऊन चाळीस वर्षं झाली होती, पण त्याआधीची नऊ वर्षं रोज सकाळी आठला रेडिओवर तेच भाषण लागे, त्याच टाळ्या आणि तीच शिट्टी. रेडिओ मोठा हवा आणि खिडक्या सताड उघड्या हव्यात, असा हुकूम होता. खाली रस्त्यावर एक माणूस वही घेऊन फिरायचा. एका हिवाळ्यात समोरच्या घड्याळजीने तापाने फणफणलेल्या मुलीसाठी खिडकी लावून घेतली. तो गेला तो गेलाच. त्याच्या दुकानातली घड्याळं आठवडाभर चालली, मग किल्ली द्यायला कुणी नाही म्हणून एकेक बंद पडत गेली. सात-आठ वर्षांच्या कानसेनने ती दाराला कान लावून ऐकली होती.

आणि आता सत्तेवर असलेल्या साहेबांची तुलना सेनापतींशी करणं हा वर्षभरापासून गुन्हा होता. इतिहासाच्या एका मास्तरांनी फळ्यावर दोघांच्या भाषणांतली वाक्यं शेजारी शेजारी लिहिली आणि मुलांना एवढंच विचारलं, कुठलं कुणाचं? मुलांना सांगता आलं नाही. मास्तर अजून परत आलेले नाहीत. त्यांनी एका वर्गात केलं, ते आता कानसेन सहा वाजता देशभर करणार होता.

त्याने शिट्टी कापून टाकली. सांधा इतका सफाईने बसवला की त्याचा त्यालाही सापडेना.

केंद्रप्रमुखांनी मात्र ऐकता ऐकता कपाळाला आठ्या घातल्या. "मघाशी बाहेरून जाताना शिट्टी ऐकली मी. ती कुठे गेली?"

"काढली, सर. नको वाटली."

"अहो, सगळी जान तिच्यात होती! परत टाका."

केंद्रप्रमुख पस्तिशीचे. सेनापतींच्या काळात जन्मलेही नव्हते. कानसेनने आवाज खाली आणला. "सर, रीळ सेनापतींच्या सभेचं आहे. लोक ओळखतील."

केंद्रप्रमुखांनी उठून दार लावलं. "कोण ओळखेल?"

"पन्नाशीच्या पुढचा प्रत्येक जण."

"बरं. आणि सांगेल कुणाला?" ते हसले. "जो सांगायला येईल, तुलना त्यानेच केली ना? कोण येतंय मग?"

"तुमची एवढी खात्री असेल, तर नोंदवहीत सही तुम्ही कराल?"

"सही रेकॉर्डिस्टचीच असते," ते म्हणाले आणि त्यांनी वही पुढे सरकवली. हसू तेवढं पुसलं गेलं होतं. "पाच वाजून दहा मिनिटं झालीत, कानसेन. की नाही म्हणताय? नाही म्हणत असाल तर तसंही लिहून द्या. कारणासकट."

कारणासकट लिहायचं म्हणजे तुलना स्वतःच्या हाताने लिहून द्यायची. कानसेनने शिट्टी परत जोडली आणि सही केली. त्याला कुणी भित्रा म्हणणार असेल तर खुशाल म्हणावं. फक्त म्हणणाऱ्याने एकदा ती वही समोर घेऊन बसून बघावं.

तो घरी पोचला तेव्हा सहाला पाच मिनिटं कमी होती. बाहेर कडाक्याची थंडी, खिडक्या घट्ट लावलेल्या. आई टेबलाशी मटार सोलत होती, मुलगी शेजारी गणितं सोडवत होती. साहेबांच्या भाषणाला रेडिओ लावण्याची सक्ती नव्हती, पण सगळे लावत. त्यांचाही लावलेला होता.

"आज लवकर?" आई म्हणाली. "बरं नाही का रे?"

"काही नाही. डोकं दुखतंय."

त्याने कोट काढला नाही. कुणी न्यायला आलं तर अंगावर असलेला बरा, असा विचार मनात आला. जिन्यात पावलं वाजली. खुर्चीच्या कडेला टेकून तो ऐकत राहिला. पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली.

साहेब म्हणाले, हा देश म्हणजे माझं घर. टाळ्या सुरू झाल्या. कानसेन मनात सेकंद मोजू लागला. दहा. अकरा.

शिट्टी वाजली आणि आईचा हात शेंगेवर थांबला.

ओळखलं हिने, त्याला कळलं. आता ही बोलणार. पण टेबलाचा आधार घेऊन आई उठली, रेडिओपाशी गेली आणि तिने आवाज शेवटपर्यंत वाढवला. मग खिडकीची कडी काढून दोन्ही दारं सताड उघडली. परत येऊन खुर्चीत ताठ बसली, हात मांडीवर ठेवून.

"आजी, अगं थंडी किती आहे!" मुलगी ओरडली. आजीने तिच्याकडे पाहिलंही नाही.

खिडकी लावायला कानसेन उठला. कडीवर हात ठेवला आणि त्याचं समोर लक्ष गेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमनची खिडकी उघडत होती. मग तिच्याखालची. मग कोपऱ्यावरच्या बेकरीच्या वरची. म्हातारी माणसं एकेक करून खिडक्या उघडत होती आणि आत जाऊन बसत होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एवढ्या घरांतून त्याच टाळ्या गल्लीत येत होत्या, आणि त्याच्या कानांना त्या घराघराच्या वेगळ्या ओळखता येत होत्या.

कुणी तक्रार करणार नव्हतं. त्याला न्यायला कुणी येणार नव्हतं. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडला याची त्याला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"बाबा, लावा ना ती खिडकी," मुलगी म्हणाली.

त्याने कडीवरचा हात काढून घेतला.

"राहू दे," तो म्हणाला. "भाषण संपेपर्यंत राहू दे."