देवडीवरचा मनोरा

गारगोटीच्या भिंतीला घाई चालत नाही, हे आमच्या गावात मेंढ्या राखणाऱ्यालाही कळतं. गारगोटी पाणी पीत नाही, त्यामुळे मधला चुना वाळायला फार वेळ घेतो. म्हणून एका उन्हाळ्यात माणसाच्या उंचीएवढंच बांधायचं, थंडी पडायच्या आत वर पेंढा आणि शेण थापायचं आणि वसंतापर्यंत भिंतीला हात लावायचा नाही. माझ्या आजेसासऱ्यांच्या काळापासून आमचा मनोरा असाच वर चालला होता.

मग ओढ्यापलीकडच्या हॉल्मस्टेडवाल्यांचा मनोरा आमच्यापेक्षा उंच गेला आणि आमच्या ह्यांनी डोक्यात राख घालून घेतली. माझा नवरा हर्वी म्हणजे चर्चचा कारभारी. आमची एकुलती एक लेक एम्लिन गावातल्याच वायमंडला दिलेली, ईस्टरनंतर लग्न ठरलेलं. "माझ्या पोरीचं लग्न पुऱ्या मनोऱ्याखाली लागणार," हे गावभर सांगत सुटले, "आणि घंटा अशा घणघणतील की हॉल्मस्टेडच्या कोंबड्या अंडी द्यायच्या विसरतील." आमच्याकडे लग्न लागतं ते चर्चच्या दारात, देवडीत. आणि आमच्या चर्चची देवडी म्हणजे मनोऱ्याचंच पोट. सगळा भार तिच्या कमानीवर.

तीन वर्षांचं काम त्यांनी एका उन्हाळ्यात उरकलं. थर्स्टन गवंडी सुरुवातीला कुरकुरला, मग बार्लीच्या दारूचं पिंप त्याच्या परांचीखाली जाऊन बसलं आणि कुरकुर थांबली. बादलीतलं पाणी गोठायला लागलं तरी चुना वर चढतच होता.

ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, बर्फ वितळल्यावर, मी देवडी झाडत होते. कमानीशेजारची भिंत ओली दिसली. सहज सांध्यात अंगठा दाबला, तर तो पेरापर्यंत आत गेला. चुना दह्यासारखा मऊ होता. मी वर पाहिलं. तेवढ्या सगळ्या गारगोट्या, त्यांच्यावर घंटा, आणि खाली मी. झाडू तिथंच टाकून मी बाहेर पळाले.

"अहो, भिंत ओली आहे," मी ह्यांना म्हटलं. "थंडीनं चुना मेलाय, तो आता दगड धरणार नाही. लग्न आपण अंगणात लावू."

"अंगणात? डुकरांसमोर?"

"मनोरा पडला तर?"

"तुझ्या जिभेनं पडला तर पडेल. थर्स्टन, ऐकलंस का? आमच्या घरात नवा गवंडी निघालाय."

थर्स्टन हसला. "वहिनी, नवी भिंत जरा घाम गाळतेच. तुम्ही लग्नाच्या भाकऱ्यांचं बघा की."

मी पाद्रीबाबा ऑस्बर्टकडेही गेले. ते म्हणाले, "सबीना, पोर सासरी जायची म्हटलं की आईला सगळीकडे अपशकुनच दिसतात." त्या दिवसापासून माझी झोप उडाली. जेवताना, दूध काढताना, एम्लिनचा झगा शिवताना मला एकच दिसायचं: ती कमानीखाली उभी आहे. मी लेकीलाही सांगितलं. ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, मला त्याच्याशी लग्न करायचंय गं. तू आता काही काढू नकोस."

लग्नाची सकाळ लख्ख उजाडली. वरात चर्चच्या अंगणात शिरली तशा घंटा सुरू झाल्या. नव्या मनोऱ्यात त्या पहिल्यांदाच जोरात वाजत होत्या, आणि लोक माना वर करून कौतुक करत होते. मी भिंतीकडे बघत होते. एम्लिन देवडीत शिरली तशी वरून पांढरी भुकटी झरायला लागली. तिच्या केसांवर पडली, खांद्यावर पडली.

"अरे वायमंड, तुझी बायको आत्ताच म्हातारी झाली रे!" कोणीतरी ओरडलं, आणि सगळे खो खो हसले. वायमंडनं हलक्या हातानं तिचे केस झटकले.

घंटा थांबल्या. पाद्रीबाबा दारात उभे राहिले, जोडपं कमानीखाली, आणि बाकीचे देवडीत दाटीवाटीनं. तेव्हा मला कमानीचा मधला दगड दिसला. तो खाली सरकला होता. सकाळी मी देवडी सजवली तेव्हा तो शेजारच्या दगडांच्या रांगेत होता, आता बोटभर खाली होता. त्याच्या बाजूनं पाण्याचा ओघळ येत होता.

"अहो," मी ह्यांची बाही ओढली. "दगड बघा. पोरांना बाहेर काढा."

"इथंही? गप्प बस, चारचौघांत शोभा करू नकोस," ते दातओठ खात म्हणाले.

"एम्लिन, बाहेर ये!" मी ओरडले. लोक हसले. हर्वीच्या बायकोचं मनोऱ्याचं वेड गावाला पाठ होतं. लेकीनं मागं वळूनही पाहिलं नाही.

तेवढ्यात पाद्रीबाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "ह्या दोघांच्या लग्नाला कोणाला काही अडचण ठाऊक असेल, तर त्यानं आत्ता सांगावं."

भिंतीत काहीतरी कुरकुरलं. मी म्हटलं, "मला ठाऊक आहे."

हसू थांबलं.

"हे लग्न होऊ शकत नाही. वायमंड जन्मला तेव्हा निळा पडला होता. पाद्री यायला वेळ नव्हता. मी माझ्या हातानं पाणी घालून त्याचा बाप्तिस्मा केला. मी त्याची धर्ममाता. चर्चच्या नियमानं माझी पोर त्याची बहीण लागते."

वायमंड आमच्याच कोठारात जन्मला होता, हे खरं. त्याची आई त्यातच गेली, सुईणही पुढं काही वर्षांनी वारली. पाणी सुईणीनं घातलं होतं. मी तेव्हा अंगणात ह्यांच्याबरोबर चुलीला लाकडं सारत होते. पण हे आता आम्हा दोघांशिवाय कोणाला सांगता येणार होतं?

एम्लिन माझ्याकडे बघत राहिली. तिची ती नजर मला आजही जेवू देत नाही. पाद्रीबाबांनी पुस्तक मिटलं. "दारातून मागं व्हा सगळे. इथं लग्न लागणार नाही. तिकडे झाडाखाली चला, मला हिची नीट चौकशी करू दे." लोक ढकलाढकली करत अंगणातल्या जुन्या झाडाकडे निघाले. घंटा वाजवणारे गडीही भांडण ऐकायला धावत खाली आले. मी एम्लिनचं मनगट धरून तिला फरपटत नेलं. ती मला मारत होती, ओरबाडत होती. मी सोडलं नाही.

"चेटकिणी," हे माझ्या कानाशी म्हणाले, "खोटं बोललीस."

आणि मनोरा गेला. आधी घंटेचा एक वेडावाकडा टोला झाला, मग पायाखालची जमीन हलली. पांढरा धुरळा इतका उठला की शेजारचा माणूस दिसेना. तो खाली बसला तेव्हा देवडी नव्हती. जिथं माझी लेक उभी होती, तिथं गारगोट्यांचा ढीग होता.

माणूस एकही गेला नव्हता. मी रडले, हसले, जमिनीवर बसले. "बघितलंत?" मी ओरडले. "म्हणूनच बोलले मी! सगळं खोटं होतं. मी पाणी घातलं नाही, मी कोणाची धर्ममाता नाही. त्यांना देवडीतून बाहेर काढायचं होतं मला. पाद्रीबाबा, आता लावा लग्न, इथंच, झाडाखाली!"

पाद्रीबाबा गुडघ्यांवर होते. "देवानं आपलं दार मोडलं," ते म्हणाले, "पण भावाबहिणीचं लग्न त्या दारात लागू दिलं नाही. आणखी कोणती साक्ष हवी?"

"अहो, चुना ओला होता! अंगठा जात होता आत!"

"चुना उत्तम होता," थर्स्टन पुढं येऊन म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी बांधलेली भिंत अशी पडत नाही. ही वरून आलेली गोष्ट आहे."

बायकांनी क्रूसाची खूण केली. लोक माझ्यापासून, आणि माझ्या लेकीपासूनही, मागं सरकायला लागले. आता मला मनोऱ्यापेक्षा त्यांची भीती वाटली.

एम्लिन माझ्यासमोर आली. "आई, खरं काय ते सांग. माझी शपथ."

"तुझी शपथ, मी अंगणात होते. तुझे बाबा माझ्याबरोबर होते. त्यांना विचार." मी ह्यांच्या पायाशी गेले. "अहो, तुम्हाला ठाऊक आहे. एवढं एकदा सांगा. तुमच्याशिवाय कोणी नाही आता."

हर्वीनं त्या ढिगाकडे पाहिलं. गावातल्या घराघरानं त्या मनोऱ्यासाठी लोकर विकली होती, शेतातून गारगोट्या वेचल्या होत्या. ते सगळे लोक आता त्याच्याकडे बघत होते. वायमंड एम्लिनचा हात घट्ट धरून उभा होता, आणि तोही बघत होता.

माझ्या नवऱ्यानं टोपी काढली.

"पाणी हिनंच घातलं," तो म्हणाला. "मी बघितलं."

एम्लिननं आपला हात सोडवून घेतला.