याला ओळखायचं नाही

मी गढीचा पहारेकरी बोलतोय. नाव भारदस्त, पण अंगाने पुठ्ठ्याचा तुकडा. जुन्या जपानातली सामुराई घराणी एकमेकांच्या गढ्यांवर चालून जातात, त्या खेळातला मी एक पत्ता.

माझा जन्म पुस्तकबांधणीच्या दुकानात झाला. खेळातला मूळ पहारेकरी हरवला, तेव्हा दुकानाच्या मालकाने आपल्या दोन मुलांसाठी वहीच्या पुठ्ठ्यातून मला कापलं, पोटावर तलवार काढली, पाठीला इतर पत्त्यांसारखा निळा कागद चिकटवला. हात वस्ताद, पण पुठ्ठा जाड. पालथा पडलो तरी आंधळ्याने ओळखावा असा.

झाली का पंचाईत! या खेळात तीन गढ्यांवर तीन पत्ते पालथे ठेवायचे असतात. मी असेन त्या गढीवर जो चालून येईल, त्याचा सरदार मेला, डाव संपला.

बाप मुलांना म्हणाला, "याला ओळखायचं नाही."

"पण दिसतोय ना, बाबा," धाकटी म्हणाली.

"दिसू दे. दिसला नसता तर काय केलं असतं, तेच करायचं."

मला वाटलं, चार दिवसांत आपली रवानगी केराच्या टोपलीत. पण ती भावंडं वीस वर्षं तशीच खेळली. नजर माझ्यावर यायची, अडखळायची आणि पुढे जायची. दर वेळी मी थक्क व्हायचो.

बाप गेल्यावर दादाला दूरच्या शहरात नोकरी मिळाली. दुकान बंद करून दोघांनी तिकडे जावं, असं त्याचं म्हणणं. धाकटी ऐकेना. महिनाभर अबोला चालला. शेवटी हाताची खळ पुसत ती म्हणाली, "डाव मांड. जिंकेल त्याचं ऐकायचं."

मी तिच्या वाट्याला आलो. तिने मला डाव्या गढीवर ठेवलं. तिथे तिचं सैन्य जवळजवळ नव्हतंच. मी दिसलो नसतो तर कोणीही तिथेच चढाई केली असती. दादाचा हात आधी तिच्या उजव्या गढीकडे गेला. तिथे अडखळला. मग हात मागे घेऊन त्याने आपला सरदार माझ्यासमोर ठेवला.

तिने मला उताणं केलं. "दिसत होता ना तुला?"

"मला तिन्ही सारखेच दिसले," दादा खाली बघत म्हणाला.

ती डोळे पुसून म्हणाली, "मग ऐक. दुकान चालू राहील, मी बघते. तू मात्र जायचंस."

"अगं, पण..."

"जिंकेल त्याचं ऐकायचं ठरलंय." तिने मला त्याच्या सदऱ्याच्या खिशात सरकवलं. "हा तुझ्याकडे राहू दे. याच्याशिवाय डाव मांडता येत नाही. म्हणजे येत जाशील."

आता मी त्याच्या पाकिटात राहतो. कोपरे झिजलेत, तलवार पुसट झालीय. परवा सुट्टी आहे, आम्ही दुकानात जातोय. पुन्हा कोणीतरी मला पालथं ठेवेल, समोरच्याची नजर माझ्यावर येऊन अडखळेल आणि पुढे जाईल. पुठ्ठा तग धरेल तोवर एवढं बघायला मिळावं, दुसरं काही मागणं नाही.