हरकत क्रमांक सतरा

टेबलावर पसरलेल्या विकास आराखड्याच्या नकाशावर कौशल्याबाईंनी सरळ तळहात ठेवला, तशी नगरपरिषदेच्या सभागृहातली कुजबुज थांबली.

"आजी, हात काढा. तुमची हरकत सांगा," मुख्याधिकारी म्हणाले.

"अगोदर हे लाल-पिवळं काय हाय ते तुमी सांगा. माह्यं वावर व्हतं हे."

"पिवळी घरं, लाल कचेऱ्या. आणि वावर तुमच्या मुलानं विकलंय."

"वावर विकलं त्यानं. त्याची बहीन नाही विकली."

मागच्या बाकावर बसलेल्या त्यांच्या मुलानं, किशोरनं, मान खाली घातली.

हरकत क्रमांक सतरामध्ये एवढंच लिहिलं होतं, तेही नातीच्या अक्षरात: बेचाळीस वर्षांपूर्वी नवव्या दिवशी गेलेली मुलगी या वावरात पुरली आहे, तेवढी जागा सोडावी. मुख्याधिकाऱ्यांनी कागद दोनदा वाचला.

"उत्तरेला बागेची जागा आहे. त्यात येत असेल तर कुंपण घालून सोडू. रस्त्यात आली तर मात्र माझ्या हातात काही नाही. दुपारी जागेवर येऊन दाखवा."

"दाखवीन ना. मले काय धाक हाय कोनाचा?"

म्हणाल्या खऱ्या, पण जागा त्यांना ठाऊकच नव्हती. दात न आलेलं लेकरू पुरायचं, आईनं तिथं जायचं नाही, आणि जागा तिला सांगायचीही नाही. सांगितली तर तिचे पाय तिकडंच वळतात, अशी रीत. लेकीला जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून बाईंचे यजमान पंजाबराव गेले होते, मागोमाग कुदळ घेऊन सालावर ठेवलेला गडी, सालदार नत्थुजी. नवऱ्यानं कधी सांगितलं नाही, बाईंनी कधी विचारलं नाही. मग तेही गेले. त्याच वावरात बाईंनी कापूस वेचला, निंदण केलं, आणि दर वर्षी पिकाच्या प्रत्येक ओळीत पाऊल जपून टाकलं. कुठं जपायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून सगळीकडंच जपलं.

आता जाणता एकटा नत्थुजीच उरला होता. किशोरनं त्याला मोटरसायकलवर बसवून आणलं. वावरात कपाशीची पऱ्हाटी नव्हती. लाल चिंध्या बांधलेल्या खुंट्या होत्या, आणि आखणीसाठी चुन्याच्या फक्कीचं पोतं घेऊन उभा इंजिनीअर.

"नत्थू, चाल पुढं," बाई म्हणाल्या. "सारी उमर मुक्या बैलावानी काढली. आज तरी तोंड उघड."

"हो, मालकीनबाई."

नत्थुजी काठी टेकत निघाला. वावराच्या मध्यात, खुंट्यांच्या दोन रांगांमध्ये, तो थबकला. चपला काढल्या. तसाच अनवाणी दोन पावलं पुढं झाला आणि इंजिनीअरकडं वळला.

"साहेब, इथं काय होनार हाय?"

"मोठा रस्ता, बाबा. दोन्ही बाजूंनी नाली."

नत्थुजीनं दोन्हीकडच्या खुंट्यांकडं पाहिलं. मग चपला तिथंच सोडून तो उत्तरेकडं चालू लागला, आणि बागेच्या हद्दीत एका उंचवट्यावर त्यानं काठी रोवली.

"हे पाहा. मालकानं इथंच ठेवलं व्हतं."

बोलताना तो बाईंकडं पाहत नव्हता. बाई त्याच्या अनवाणी पायांकडं पाहत होत्या.

"आजी, मारू फक्की?" इंजिनीअरनं विचारलं.

कौशल्याबाईंनी त्या पायांवरून नजर काढली.

"मारा. अन् कुंपन नीट घालजा. ढोरं शिरतीन असं नोको."

पांढरी चौकट पडली. किशोरनं हात जोडले. बाई मात्र तिथं थांबल्या नाहीत. आल्या वाटेनं त्या मागं वळल्या, रस्त्याच्या खुंट्यांमध्ये गेल्या आणि चपलांशेजारी मातीत बसल्या. तळहात जमिनीवर टेकवून बसल्या.

"माय, पाय दुखून राहिले का?" किशोरनं लांबूनच विचारलं.

"दुखून राहिले."

मग त्या उठल्या. उभ्या जन्मात ज्या बाईनं नवऱ्याच्या जोड्यालाही हात लावला नव्हता, तिनं सालदाराच्या त्या झिजलेल्या चपला उचलल्या, पदरानं पुसल्या आणि नत्थुजीच्या पायांशी आणून ठेवल्या.

"घाल," त्या म्हणाल्या. "काटे हायेत."