तेरा कप्प्यांचं हृदय

शाळेत रुजू झाल्यावर आठवडा उलटायच्या आतच मुलांनी तिला नाव ठेवलं, झुरळबाई. ते कानावर आलं तेव्हा तिला हसूच आलं. नावात खोट काढायला जागा नव्हती. आधीचे विज्ञानाचे सर वर्षाच्या मध्येच बदली होऊन गेले होते आणि त्यांचा अर्धवट राहिलेला धडा झुरळाचाच होता.

"चिरफाड करायची नाही हं," मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "मातीचं करा, कागदाचं करा, भिंगातून दाखवा. आणि ती मेलेली झुरळं माझ्या खोलीसमोरून नेऊ नका. मला शिसारी येते."

तिला चिरफाडीची हौस नव्हतीच. प्रयोगशाळेच्या कपाटात मेण ओतलेल्या जुन्या ताटल्या धूळ खात पडल्या होत्या. त्यांत मुलांनी मातीची झुरळं केली, आगकाड्यांचे पाय लावले, केरसुणीच्या काड्यांच्या मिशा खोचल्या. पुठ्ठ्याचं एक हातभर झुरळ केलं. पंख उचलले की पाठ, पाठ उचलली की आतडी, आतडी उचलली की पोटाच्या बाजूने गेलेली मज्जारज्जूची दुहेरी दोरी. झुरळाच्या पोटातही दात असतात हे ऐकल्यावर वर्गाने आधी नाकं मुरडली आणि मग तासभर खडूचे तुकडे एकमेकांवर घासून पीठ पाडलं. मुलं घरून डब्यांतून मेलेली झुरळं आणायची.

"घरी झुरळ दिसलं की आई चप्पल उचलते," लंब्या म्हणाला, "आणि इथे बाई भिंग उचलतात." लंब्या म्हणजे वर्गातला सगळ्यात उंच मुलगा. टवाळ, पण मनाचा मऊ.

मग हृदयाचा दिवस आला. तिने फळ्यावर नळी काढली आणि सांगायला सुरुवात केली की हे हृदय पाठीत असतं, त्याला तेरा कप्पे असतात, मागचा कप्पा आवळतो आणि रक्त पुढच्यात ढकलतो, पुढचा त्याच्या पुढच्यात...

"बाई, हे येतं आम्हाला," जाड भिंगांचा चष्मा लावणारी मुलगी उठून म्हणाली. तिला सगळे चष्मिस म्हणत. "सरांनी शिकवलंय. आम्ही हृदय करून दाखवतो."

कोणी ढकलाढकली केली नाही, याचं तिला नवल वाटलं. बाकीची मुलं बाकांवर मागे सरकली. नेमून दिलेली तेवढीच उठली आणि खिडक्यांखाली हातात हात धरून एका रांगेत उभी राहिली. शेपटीच्या टोकाला वर्गातला जाडजूड मुलगा, ढोल्या, डोक्याच्या टोकाला एक बारीक आवाजाची मुलगी. सगळ्यांनी डोळे मिटले. डाव्या हातावर दाब आला की उजव्या हाताने पुढच्याचा हात दाबायचा, असा खेळ होता. ढोल्याने शेजाऱ्याचा हात दाबला आणि ती लाट रांगेतून सरकू लागली. झुरळबाईला मुठी एकामागून एक आवळताना दिसत होत्या.

मध्येच रांग तुटलेली होती. चष्मिस आणि लंब्या यांच्यामध्ये एका पोराएवढी जागा मोकळी. चष्मिसचा उजवा हात आणि लंब्याचा डावा हात नुसतेच हवेत, अर्धवट मिटलेले. लाट चष्मिसपर्यंत आली. तिच्या रिकाम्या हाताची बोटं वळली. क्षणभर काहीच झालं नाही. मग लंब्याचा खांदा किंचित हलला आणि त्याने पुढच्याचा हात दाबला.

"आलं!" टोकाची मुलगी ओरडली.

त्याच वेळी लाकडी पडद्यापलीकडे, शेजारच्या वर्गात, गणिताच्या बाईंचा शिकवण्याचा आवाज एकदम थांबला. तिने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

"बाराच जण आहात तुम्ही," ती म्हणाली. "तेरा हवेत ना?"

"तेराच आहोत, बाई," चष्मिस म्हणाली. बेरीज चुकलेल्याला सांगावं तशी, शांतपणे.

तिला तो वेंधळेपणा वाटला. तिने पुढे होऊन दोघांचे हात एकमेकांत दिले. "मध्ये फट कशाला? हं, आता करा."

लाट आली आणि चष्मिसपाशी थांबली. चष्मिसने हात दाबला होता, तिच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली झुरळबाईने स्वतः पाहिली. पण लंब्या डोळे मिटून तसाच उभा.

"अरे, दाब ना पुढे!"

"आलं नाही, बाई."

"तिने दाबलाय हात. मी बघितलं."

"दाबला असेल. पण आलं नाही." तो टवाळी करत नव्हता. त्याचं तोंड उतरलं होतं.

तिने त्यांना पुन्हा पहिल्यासारखं उभं केलं. या वेळी लंब्याच्या डोळ्यांवर स्वतःचा रुमाल बांधला, पंखा बंद केला, वर्गाला तोंडावर बोट ठेवायला लावलं आणि ढोल्याला नुसत्या मानेनेच खूण केली. लाट आली, त्या मोकळ्या जागेपाशी जराशी रेंगाळली आणि लंब्याच्या हातून पुढे गेली. झुरळबाईने त्या जागेत हात घालून पाहिला. हवा साधीच होती, गार नाही की ऊन नाही. तरी तिने हात चटकन मागे घेतला.

मधल्या सुट्टीत तिने खेळाच्या सरांना विचारलं, "त्या रांगेत एक मूल कमी आहे. कोण ते?"

सरांनी हातातला पेला खाली ठेवला. "तुम्हाला कोणीच सांगितलं नाही? आम्हाला वाटलं, सांगितलं असेल." जो तो असंच समजून बसला होता. ती जागा मुंगीची होती. वर्गातली सगळ्यात लहानखुरी पोर, म्हणून मुंगी. दिवाळीच्या सुट्टीत ताप आला आणि बघता बघता गेली. "गणिताच्या बाईंची मुलगी," सर हळू आवाजात म्हणाले. "एकुलती एक."

पडद्यापलीकडे थांबलेला आवाज आता तिला आठवला.

दुसऱ्या दिवसापासून तिने हृदय सोडून श्वासरंध्रं घेतली. झुरळ नाकाने नाही, कुशीतल्या भोकांनी श्वास घेतं, हे शिकवायला कागदी नळ्या आणल्या. पण मधल्या सुट्टीत ती प्रयोगशाळेत काही विसरलेलं घ्यायला गेली, तर मुलं खिडक्यांखाली उभी. डोळे मिटलेले, मध्ये जागा राखलेली. तिला पाहून कोणी दचकलं नाही, कोणी हललंही नाही. ती दारातूनच परत फिरली. रागवायचं तरी कशाबद्दल?

गोष्ट पडद्यापलीकडे जायला वेळ लागला नाही. शाळा सुटल्यावर गणिताच्या बाई प्रयोगशाळेत आल्या. वयाने तिच्याहून बऱ्याच मोठ्या, ताठ कण्याच्या.

"माझ्या पोरीला तुम्ही खेळात उभी करता म्हणे."

"मी नाही हो. मला माहीतसुद्धा नव्हतं."

"मग कोणी केली?"

"मुलांनीही नाही. ती फक्त जागा ठेवतात."

गणिताच्या बाई मातीच्या झुरळांकडे पाहत राहिल्या. राग धरून आल्या होत्या, पण तो त्यांना धरून ठेवता येईना.

"पुढे जातो का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"दाब. तिच्याकडून पुढे जातो का?"

खोटं बोलता आलं असतं. माणसं अशा वेळी बोलतातही. "जातो," झुरळबाई म्हणाली.

बाई स्टुलावर बसल्या. "हात धरलेला आवडायचा नाही तिला. रस्ता ओलांडतानासुद्धा झटकून टाकायची. मी काय लहान आहे का, म्हणायची. दवाखान्यात मात्र सोडत नव्हती. मीच सोडवून घेतला, डॉक्टरांना हाक मारायला. आले तोवर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "मला एकदा उभं राहू द्या."

"मुलं घाबरली तर?"

"घाबरणारी असती तर जागा ठेवली असती का?"

दुसऱ्या दिवशी त्या तासाला आल्या. मुलं रांगेत उभी राहिली आणि गणिताच्या बाई सरळ त्या मोकळ्या जागेकडे निघाल्या.

"तिथे नको, बाई," चष्मिस घाईने म्हणाली. "तिथे उभ्या राहिलात तर ती कुठे जाईल?"

बाई जागच्या जागी थिजल्या. तेव्हा लंब्या रांगेतून बाहेर आला. "माझ्या जागी या. म्हणजे तुम्हाला ती देईल."

त्या लंब्याच्या जागी उभ्या राहिल्या. उजव्या हातात पुढच्या मुलाचा हात, डावा हात हवेत, उघडा, तळव्यावर खडूची पूड. डोळे त्यांनी मुलांसारखेच मिटले. लंब्या झुरळबाईजवळ येऊन उभा राहिला आणि नकळत तिचा हात त्याने धरला.

ढोल्याने सुरुवात केली. लाट आली. चष्मिसची बोटं वळली. मग काहीच नाही. झुरळबाईला आपण हे होऊ दिलं याचा पश्चात्ताप व्हायला लागला. तेवढ्यात बाईंची बोटं मिटली. करंगळी आधी, मग एकेक करून बाकीची, बाहेरून कोणीतरी मिटवत असावं तशी. त्यांच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

पुढचा मुलगा वाट पाहत होता. बाईंनी त्याचा हात दाबला नाही.

"बाई, पुढे द्या," चष्मिस कुजबुजली.

"थांबा ना जरा," गणिताच्या बाई म्हणाल्या. मुलांनी त्यांचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. लहान मूल खेळ संपवायला तयार नसतं, तसा.

मुलं थांबली. कोणी डोळे उघडले नाहीत. शेवटी केव्हातरी बाईंनी उजवा हात दाबला आणि टोकाच्या मुलीने "आलं" म्हटलं, तेही जेमतेम ऐकू येईल असं.

बाई निघून गेल्या, डावी मूठ मिटलेली. पुढच्या तासाला त्यांना भूमिती शिकवायची होती. त्या मिटलेल्या मुठीनेच फळ्यावर पट्टी टेकवून दुसऱ्या हाताने रेघ ओढायची, तर पट्टी घसरत होती आणि त्रिकोण वाकडे येत होते. वर्ग हसला नाही. पहिल्या बाकावरची दोन मुलं उठली आणि पट्टी धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी लंब्या आपल्या जागी परतला, पण लाट चष्मिसपाशी थांबली. पुन्हा केलं, पुन्हा थांबली.

"आलं नाही," लंब्या म्हणाला.

"गेली बहुतेक," ढोल्या म्हणाला.

चष्मिसने चष्मा काढला आणि ती रडायला लागली. इतक्या दिवसांत त्यांतलं कोणी रडलेलं झुरळबाईने पाहिलं नव्हतं. तिने तिला रडू दिलं. मग त्या मोकळ्या जागेत ती स्वतः जाऊन उभी राहिली, दोन्हीकडचे घामेजलेले हात धरले, आणि लाट तिच्यातून साधीसुधी पुढे गेली.

शाळा सुटल्यावर गणिताच्या बाई जिन्यापाशी थांबल्या होत्या.

"आज?"

"नाही," झुरळबाई म्हणाली.

उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखी त्यांनी मान हलवली. "सगळं मीच घेतलं. पोरांसाठी काही उरवलं नाही. पोरं रागावली का?"

"नाही. एक रडली."

"रडू दे," बाई म्हणाल्या आणि खाली उतरू लागल्या. जिन्याचा कठडा डाव्या बाजूला होता. त्या उजवा हात अंगावरून पलीकडे नेऊन, कठडा धरत, एकेक पायरी तिरक्या उतरत होत्या.