कर्ता कुठे गेला

हातातला चहाचा कप कुठे ठेवावा हे त्याला कळेना, तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले.

"आम्हाला वाचवता आलं नाही त्यांना. यंत्रावर धोका कमी दिसत होता. तपासायला उशीर झाला."

त्याने मान हलवली. व्याकरण शिकवण्यात जन्म घालवलेली त्याची बायको आत होती, आणि उशीर 'झाला' होता.

तो कायद्याचा अभ्यासक. रुग्णाला किती धोका आहे हे सांगणारं रुग्णालयातलं यंत्र चुकलं तर जबाबदार कोण, यावर तो सरकारसाठी अहवाल लिहीत होता. ती घरी होती तोवर रोज संध्याकाळी मसुदा वाचायची. 'चूक झाली', 'निर्णय घेतला गेला' अशी वाक्यं आली की पेन्सिलने रेघ ओढायची.

"अहो, कर्ता कुठे पळवलात? तुमच्या कायद्यात सगळं आपोआप होतं. आपल्याकडे दूधसुद्धा आपोआप उतू जात नाही. तुम्ही शेगडीसमोर उभे असता."

शेवटी वैतागून त्याने कर्ता घातला : यंत्राचा पडदा ज्याने शेवटी पाहिला, तो जबाबदार.

"म्हणजे जवळ उभा तो चोर," ती म्हणाली. "हे बदला."

"बघू," तो म्हणाला. मसुदा तसाच कार्यालयात दिला.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी मुलगी रुग्णालयाविरुद्धची तक्रार लिहायला त्याच्यासमोर बसली. तिच्या हातात आईचीच पेन्सिल होती.

"बाबा, पडदा शेवटी नर्सने पाहिला होता. वकीलकाका म्हणतात, तिचंच नाव घाला. तुमच्या मसुद्याचा आधार घेता येईल म्हणे."

त्याला ती नर्स आठवली. बायकोचा हात सोडून ती डॉक्टरांना बोलवायला धावली होती, आणि एकटीच परत आली होती. मग पुन्हा तोच हात धरून बसली होती.

"तिचं नको. तिने बोलावलं होतं. यंत्र ठीक म्हणतंय, म्हणून डॉक्टर आले नाहीत."

"मग डॉक्टरांचं घालते."

"यंत्र म्हणेल तसंच चालायचं, असा त्यांना हुकूम होता."

"हुकूम कोणाचा?"

"तसं ठरवलं गेलं होतं."

मुलीने त्याचं वाक्य कागदावर उतरवलं आणि त्याखाली सावकाश रेघ ओढली.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. पाणी प्यायला नाही, नुसता नळ सोडून उभा राहिला. परत आला तेव्हा मुलगी कागद तसाच ठेवून झोपायला गेली होती.

हुकूम कोणी काढला, हे त्याने अजून रुग्णालयाला विचारलेलं नाही. अहवाल छापायला जायचा आहे. त्यातलं 'पडदा ज्याने शेवटी पाहिला, तो जबाबदार' हे वाक्य त्याने अजून बदललेलं नाही.