परक्याचा कोपरा

बाबूसिंगनं शपथ घेतली ती पवित्र शास्त्रावर हात ठेवून, म्हणून ती मोडायची सोयच नव्हती. "रंजीताचा पाय माह्या घरात अन् माह्या वावरात पडनार नाही!" पोरीनं आपल्या मर्जीनं लग्न केलं, एवढाच तिचा गुन्हा. माणसानं रागात तोंड आवरावं. पण अनसिंगजवळच्या त्या तांड्यात, तिथल्या एकुलत्या एका ख्रिस्ती घरात, बाबूसिंगला हे सांगणार कोण?

त्याच्या बायकोला, रामीबाईला, वाचता येत नव्हतं. लग्नाआधी रोज दिवेलागणीला रंजीताच तिला शास्त्र वाचून दाखवायची. पीक सोंगताना शेताचा कोपरा सोडावा, तो गरिबाचा आणि परक्याचा, ही देवाची आज्ञा रामीबाईनं लेकीच्याच तोंडून ऐकलेली. बाबूसिंगही ती पाळायचा. देवाशी केलेला करार म्हणजे करार. पांदणीच्या वाटेला लागून चार ओळी सोयाबीन दरसाल उभं राहायचं.

सहा हंगाम गेले. कोपरा सोंगायला कोणी ना कोणी बाई यायची, आणि रामीबाई प्रत्येकीची चाल बघत राहायची. लेकीची आठवण आली की ती हात जोडायची. 'देवा, तुझं सगळं ऐकलं, आता माझं एक ऐक,' एवढंच तिचं मागणं.

यंदा सोंगणीच्या तिसऱ्या दिवशी, सकाळीच, पांदणीवर एक बाई थांबली. कडेवर लहान पोर. पोरीला खाली बसवून, विळा काढून ती सरळ कोपऱ्यात शिरली. रामीबाईनं चाल ओळखली.

बाबूसिंगनंही ओळखली. तो तरातरा निघाला आणि कोपऱ्याशी जाऊन ओरडला, "हे माहं वावर हाय!"

रंजीतानं मान वर केली, पण ती उठली नाही. "वावर तुमचं हाय, बापू. कोपरा परक्याचा. मीच तर वाचून दाखवलं होतं."

बाबूसिंग जागीच थबकला. शपथ देवाची, कोपराही देवाचा. रामीबाई मागून येऊन उभी राहिली. नात आजोबाकडे टकमक बघत होती.

तो वळला आणि मजुरांना म्हणाला, "इकडल्या दहा ओळी सोंगू नका."

"काहून?" रामीबाईनं विचारलं.

"कोपरा लहान हाय," तो खाली बघत पुटपुटला. "दुपारपर्यंतच सरून जाईन."