सीटच्या दांडीवरच्या खुणा

जुनी सायकल दुरुस्तीला हातात आली की मी आधी तिचं वय काढतो. रंग आणि चकाकी नंतर. फ्रेमच्या तळाशी नंबर ठोकलेला असतो, पायडलच्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या पाठीमागे साल असतं, चाकाच्या मधल्या हबच्या नटावर बारीक आकडे असतात, आणि ते एकमेकांशी जुळले नाहीत तर कुठला भाग केव्हा बदलला याचा माग लागतो. तीस वर्षांत एकाही सायकलीनं मला खोटं सांगितलेलं नाही.

ही रेसची सायकल घेऊन आल्या त्या निवृत्त शिक्षिका होत्या.

"माझ्या दादाची आहे," बाई म्हणाल्या. "तो गेला त्या दिवशी जशी होती, अगदी तशी करून द्या."

दादा सोळाव्या वर्षी तापानं गेला, त्या गोष्टीला बावन्न वर्षं झाली होती. तेव्हापासून सायकल माडीवरच्या खोलीत कुलपात होती आणि किल्ली बाईंच्या कमरेला.

फ्रेमचा नंबर चोपन्न वर्षांपूर्वीचा निघाला. म्हणजे बरोबर. पण क्रँक पुसला आणि त्याच्यावरचं साल वाचून मी चष्मा काढून पुन्हा लावला. दादा गेल्यानंतर नऊ वर्षांनी बनलेला क्रँक होता तो. मागचा हब त्याहूनही बारा वर्षांनी नवा. मागचं टायर तर गेल्याच वर्षीचं, आणि त्याची नक्षी निम्मी झिजलेली.

मी तेच तेच आकडे पुन्हा पुसून वाचू लागलो. जेवणावरून उठून दुकानात गेलो, तशी बायको म्हणाली, "त्या सायकलीचा जन्मदाखला काढताय की काय?" मला हसू आलं नाही. जन्म कळला होता. पुढचंच काही कळत नव्हतं.

मग मी सीटची दांडी बाहेर ओढली. सीट जिथे आवळली जाते तिथे दांडीवर ओरखड्याची गोल खूण उमटते. इथे तशा पाच खुणा होत्या. पहिल्या तीन एकाहून एक वरच्या उंचीच्या, मूल वाढत जावं तशा. चौथी तिसरीच्याच उंचीला खेटून, खोल, वर्षानुवर्षांची. पाचवी मात्र दोन बोटं खालच्या उंचीची होती, आणि तिच्यातलं लोखंड अजून पांढरं चमकत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या, तेव्हा मी शक्य तितक्या सरळ आवाजात विचारलं, "ही कुणी चालवत होतं का?"

"कुलपात असलेली सायकल कोण चालवणार?"

मी त्यांना साल दाखवलं, टायर दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर रेषही हलली नाही. साधा पाना कसा धरतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मी पुढे केलेला पाना त्यांनी उलटाच पकडला. मग दांडी दाखवली. त्यांनी खुणांवरून बोट फिरवलं आणि शेवटच्या खुणेवर थांबवलं.

"गेल्या हिवाळ्यापासून गुडघा धरतो त्याचा," त्या म्हणाल्या, दूध उतू गेलं म्हणून सांगावं इतक्या सहज. "जुन्यासारखं काही करू नका आता. सीट तेवढी अजून बोटभर खाली घ्या."

मी सीट खाली घेतली, नट आवळला. पुन्हा एकदा आवळला.

बाई सायकल हातात धरून निघाल्या. मी दारात उभा राहिलो. सपाट रस्त्यावरसुद्धा त्या पुढे वाकून, दम घेत, जड ओझं ढकलावं तशा चालल्या होत्या. रिकाम्या सायकलीला इतका जोर कशाला लागतो ते मला कळेना. दुकानाजवळच्या टेकाच्या तोंडाशी त्या थांबल्या, आणि सीटकडे न बघताच म्हणाल्या,

"दादा, उतर आता. चढ आहे."

क्षणभर त्या तशाच उभ्या राहिल्या. मग एका हातानं हँडल धरून, झपझप चढून गेल्या.